गोग्रास किती असावा?

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला कीं घराघरांतून श्राद्धतिथींची तयारी सुरू होते आणि पानें वाढण्यापूर्वीं गाईचा घांस काढून ठेवला जातो. जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील पुष्कळ गांवांत या पंधरवड्याला आणखी एक जोड आहे. इतरत्र श्रावणी अमावास्येस होणारा बैलपोळा तेथें भाद्रपदी अमावास्येस, म्हणजे सर्वपित्रीच्याच दिवशीं, साजरा होतो. पितरांचा घांस आणि बैलांचा सण असे एकदमच दारांत येतात. पुण्यामुंबईस असलेलीं मुलेंबाळें अशा वेळीं मूळ घरीं येतात व जो तो कौतुकानें गोठ्याकडे वळतो. हा सोहळा गोड खरा. परंतु याच दिवसांत गुरांच्या डॉक्टरांस रात्रीं-अपरात्रीं बोलावणीं येतात आणि कांहीं जनावरें हातचीं जातात, ही गोष्ट ज्यांच्या घरीं गोठा आहे त्यांना नवी नाहीं. तिचा थोडा विचार या महिन्यांत करावा असें आम्हांस वाटतें.

एकत्र कुटुंबांत माया अनेक हातांची असते. जनावराचें पोट मात्र एकच असतें. आजीबाई नैवेद्य म्हणून दोन पोळ्या देतात. त्या दिल्या हें धाकट्या सूनबाईंस ठाऊक नसतें, म्हणून त्या आणखी दोन देतात. मुलें आपापल्या पानांतली एकेक हळूच नेतात. पुढें मिरवणुकींत बैल दारोदार फिरला कीं प्रत्येक उंबरठ्यावर पुन्हां पुरणपोळी असतेच. यांत कोणीहि हात सैल सोडलेला नसतो. तरी सर्वांचें थोडें थोडें मिळून बैलाच्या पोटांत टोपलीभर पोळ्या जातात, आणि त्यांचा हिशेब कोणा एकापाशीं नसतो.

हें इतकें बाधतें कां, तें समजून घेण्याजोगें आहे. गाईबैलांच्या जठराचे चार कप्पे असतात व त्यांतला पहिला सर्वांत मोठा. त्यांत असंख्य सूक्ष्म जीव राहतात आणि कडबा, गवत यांसारखा चारा तेच हळूहळू आंबवून पचनीं पाडतात. कणीक, डाळ व गूळ हे पदार्थ मात्र तेथें फार झपाट्यानें आंबतात. संवय नसतां ते एकाएकीं पुष्कळ गेले म्हणजे लॅक्टिक आम्ल भराभर तयार होतें, चारा पचविणारे जीव मरूं लागतात, कप्प्याची हालचाल थांबते आणि शरीरांतलें पाणी ओढून पोटांत येतें. जनावर वैरण व रवंथ सोडतें, सुस्त उभें राहतें, दांत खातें, झोकांड्या देतें. शेण पातळ व आंबूस वासाचें होतें. विकार जोराचा असल्यास एकदोन दिवसांत प्राण जातो. वांचलें तरी पुष्कळदां खुरांचा दाह मागें राहतो. अशीं लक्षणें दिसतांच खुराक बंद करून फक्त सुका चारा ठेवावा व डॉक्टरांस ताबडतोब बोलवावें. घरगुती काढे जबरीनें घशांत ओतूं नयेत. ते श्वासनलिकेंत उतरले तर एका दुखण्यांत दुसऱ्याची भर पडते.

घरांतील वडील मंडळी म्हणतील, 'आम्ही जन्मभर पोळ्या देत आलों, कांहीं झालें नाहीं.' त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. परंतु त्यांच्या काळचा बैल नांगराला जुंपलेला असे व शिवारांत चरून येई. पुढें या भागांत येडगांव, माणिकडोह, वडज, डिंभें व पिंपळगांव जोगें अशीं कुकडी प्रकल्पाचीं धरणें झालीं, उंसाचें पीक वाढलें, नांगरटीला ट्रॅक्टर आला. उंसाच्या आडोशानें बिबट्याचा वावर वाढला, त्यामुळें गुरें दिवस मावळण्यापूर्वींच बंद गोठ्यांत घ्यावीं लागतात. श्रम व चरणें दोन्ही घटलीं. माया मात्र पूर्वींइतकीच राहिली. शिवाय तोडणीच्या हंगामांत उंसाचें वाढें मुबलक मिळतें, म्हणून कांहीं घरीं तेंच सगळी वैरण होऊन बसतें. त्यांतील ऑक्झॅलेट शरीराला मिळावयाचें कॅल्शियम बांधून टाकतें. एकट्या वाढ्यावर गाय ठेवणें म्हणजे तिचें पोट भरून हाडें उपाशी ठेवणें होय.

सणाचा अतिरेक एका रात्रींत कळून येतो. रोजचा अतिरेक कळत नाहीं. गाभणपणीं फार लठ्ठ झालेली गाय वितांना अडते. व्याल्यावर तिची भूक मंदावते आणि अंगावरची चरबी यकृतांत जाऊन ती आजारी पडते. 'गाय अंगानें कशी भरली आहे!' म्हणून ज्याचें कौतुक झालें, तेंच तिला नडतें.

याला उपाय मोजमापाचा. गाय तराजूंत घालतां येत नाहीं. परंतु एक सुतळी आणि शिवणाच्या पेटींतली मोजपट्टी एवढ्यानें काम भागतें. पुढच्या पायांच्या लगेच मागें छातीचा घेर घ्यावा. मग खांद्याच्या पुढल्या टोंकापासून मागल्या बैठकीच्या हाडापर्यंत लांबी घ्यावी. सेंटिमीटरांतील घेराचा वर्ग करून त्यास लांबीनें गुणावें व १०,८४० नें भागावें, म्हणजे अदमासें किलोंतील वजन निघतें. घेर १७० व लांबी १४० असली तर वजन सुमारें ३७३ किलो येतें. शाळकरी मुलांना हें गणित आनंदानें करतां येईल. अशा बेताचें दूध देणाऱ्या गाईस दिवसाकांठीं वजनाच्या शेंकडा अडीच, म्हणजे सुमारें सव्वानऊ किलो, कोरडा अंश पुरे. हिरव्या चाऱ्यांत तो पांचवा हिस्साच असतो. तेव्हां १५ किलो हिरवा चारा, ५ किलो कडबा व २ किलो आंबोण यांत तिचा हिशेब पुरा होतो. दूध अधिक असल्यास वाढत्या दर अडीच लिटरांमागें किलोभर आंबोण जास्त लागतें. खुराकांत बदल करणें तो दहापंधरा दिवसांत थोडथोडा करावा.

वजन महिन्यांतून एकदां लिहावें. मधल्या काळांत डोळा पुरेसा आहे. शेवटच्या दोनतीन बरगड्या पुसटशा दिसाव्या. सगळ्या दिसल्या तर जनावर उपाशी आहे; दाबूनहि एक हातास लागली नाहीं तर तें जरुरीपेक्षां अधिक पोसलें आहे. शहरांतील बिऱ्हाडांत गाईच्या जागीं कुत्रें असतें, काचेच्या टाकींतले मासे असतात, आणि हल्लीं क्वचित् मूळचा मेक्सिकोंतला ॲक्सोलॉटल नांवाचा जलचरहि असतो. तेथेंहि नियम हाच. पूर्ण वाढलेल्या ॲक्सोलॉटलास आठवड्यांतून दोनतीनदां गांडुळें पुरतात, आणि त्याचें पोट डोक्याच्या रुंदीहून फुगूं लागलें कीं घांस कमी करावयाचा असतो. मुकें जनावर जवळ आलें म्हणजे तें भुकेलेंच आहे, असें समजण्याचें कारण नाहीं.

रीत मोडावी असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. ग्रास म्हणजे घांस. आणि गोग्रास या शब्दांतच त्याचें माप सांगितलेलें आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटांत सातवाहनांचा सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा लेख आहे. त्यांत यज्ञांत दक्षिणा दिलेल्या गाईंचे आंकडे हजारांनीं कोरलेले आहेत. दिलें तें मोजून लिहावें, ही या तालुक्याची चाल इतकी जुनी आहे. तेव्हां गोठ्याच्या खांबाला एक पाटी टांगावी, घरांतल्या एकाच व्यक्तीकडे खुराक सोपवावा, आणि दुसऱ्या कोणीं कांहीं दिल्यास तें पाटीवर लिहावें. पोळ्याला प्रत्येक बैलास घरची एकच पोळी द्यावी. तिला सर्वांनीं हात लावावा. ज्यांच्या दारावरून बैल जावयाचे त्यांस आदल्या दिवशींच सांगून ठेवावें, म्हणजे ते पोळीऐवजीं हिरव्या गवताची पेंढी काढून ठेवतील. ओवाळणें, शिंगें रंगविणें, झूल घालणें, पाठीवरून हात फिरविणें, यांना मात्र मर्यादा नाहीं. तेवढें सगळ्या घरानें मनसोक्त करावें.