नाव आपले, विद्या कोणाची?

२६ जून २०१६ रोजी नेदरलँड्समधील असेन येथे हलक्या वर्गातील मोटारसायकलींची जागतिक शर्यत झाली आणि तीत पहिली आलेली गाडी महिंद्रा या मुंबईच्या उद्योगसमूहाची होती. १९४९ पासून चालत आलेल्या ग्रां प्री मालिकेत भारतीय उत्पादकाने मिळविलेला हा पहिलाच विजय. तरीही क्रिकेटच्या एखाद्या दुय्यम मालिकेइतकीही चर्चा आपल्याकडे या घटनेची झाली नाही. दीड वर्षाच्या आत महिंद्राने त्या मैदानातून अंग काढून घेतले. त्याचीही फारशी चर्चा झाली नाही. जिंकल्याचा आनंद नाही आणि सोडल्याची हळहळ नाही, ही अलिप्तता केवळ क्रीडाविषयक नाही. आपला समाज औद्योगिक विद्येकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, याचे ते गमक आहे.

प्रथम हा वर्ग म्हणजे काय ते पाहू. २०११ पर्यंत या मालिकेत १२५ सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्या धावत. २०१२ पासून त्यांची जागा ‘मोटो-थ्री’ या नव्या वर्गाने घेतली. एकच सिलिंडर, २५० सीसी क्षमता आणि फोर-स्ट्रोक इंजिन हे त्याचे नियम. इंजिनाच्या किमतीवर आणि फेऱ्यांच्या वेगावरही मर्यादा घालण्यात आली. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर प्रवेशाची किंमत मुद्दाम खाली आणली गेली. बलाढ्य कंपन्यांच्या पंक्तीला नवा उत्पादक बसू शकेल अशी ती तजवीज होती.

या बदलाला सोलापूरच्या दृष्टीने आणखी एक अर्थ आहे. टू-स्ट्रोक इंजिनाला कॅमशाफ्ट लागत नाही. फोर-स्ट्रोक इंजिन त्याच्यावाचून चालत नाही. मिनिटाला साडेतेरा हजार फेरे घेणाऱ्या इंजिनात कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला शंभराहून अधिक वेळा उघडतो आणि मिटतो. त्या उघडझापीत केसभर चूक झाली तरी इंजिनाचा चुराडा होतो. सोलापुरातील एक कारखाना, १९९२ मध्ये स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स, देशोदेशींच्या मोटार उत्पादकांना हाच भाग पुरवितो. शर्यतीच्या गाडीचे काळीज ज्या जातीच्या पोलादकामावर धडधडते, ते काम आपल्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराच्या हाताला परके नाही. तेव्हा हा विषय वाटतो तितका दूरचा नाही.

आता महिंद्राची वाटचाल. या समूहाने २००८ मध्ये पुण्याच्या कायनेटिक मोटर कंपनीचा दुचाकी व्यवसाय घेऊन या क्षेत्रात पाऊल टाकले आणि त्याच सुमारास इटलीतील ‘इंजिन्स इंजिनिअरिंग’ ही अभिकल्प करणारी संस्थाही विकत घेतली. २०११ मध्ये गाडी १२५ सीसीच्या जागतिक मालिकेत उतरली. पुढे सुटर या स्विस संस्थेच्या सहकार्याने नवी गाडी सिद्ध झाली आणि २०१३ मध्ये मलेशियातील शर्यतीत पोर्तुगालच्या मिगेल ऑलिव्हेराने तिला प्रथमच पहिल्या तिघांत नेले. २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा ब्रॅड बाइंडर जर्मनीत दुसरा आला.

२०१६ चा हंगाम हा या प्रयत्नाचा कळस होता. स्पेनमधील आस्पार संघाकडून महिंद्रा चालविणारा इटलीचा तरुण फ्रान्सेस्को बन्याया पहिल्याच, कतारच्या शर्यतीत तिसरा आला. हेरेझ आणि मुजेल्लो येथे त्याने तेच स्थान मिळविले, असेन जिंकले, सिल्व्हरस्टोनला दुसरा क्रमांक पटकावला आणि ऑक्टोबरात सेपांगही जिंकले. वर्षअखेर १४५ गुणांसह तो चौथा ठरला. ब्रनोच्या पावसात जॉन मॅकफीने जिंकलेली गाडीही मुळात महिंद्राचीच होती. तिच्यावर नाव मात्र प्यूजोचे होते. त्याच शर्यतीत स्पेनचा होर्हे मार्तिन महिंद्रावर दुसरा आला. ज्या वर्गात तीस-पस्तीस गाड्या एकमेकींच्या वाऱ्याच्या आडोशाने धावतात आणि निकाल सेकंदाच्या शतांश भागावर ठरतो, तेथे केटीएम आणि होंडा यांच्याशी केलेली ही बरोबरी सामान्य नव्हती.

आणि २०१७ च्या अखेरीस सारे संपले. समूहाने आपले लक्ष विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या ‘फॉर्म्युला ई’ मालिकेवर केंद्रित केले. दुचाकी व्यवसाय तोट्यात होता; भागधारकांना उत्तर देणे होते. या निर्णयाला व्यापारी दृष्टीने दोष देता येणार नाही.

परंतु कंपनीचा ताळेबंद मिटला म्हणजे समाजाचा मिटतो असे नाही. २०२३ च्या सप्टेंबरात दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर भारतातील पहिली ग्रां प्री झाली. मुख्य वर्गात पहिला आला मार्को बेझ्झेक्की आणि दुसरा होर्हे मार्तिन. बेझ्झेक्कीनेच २०१७ मध्ये जपानमध्ये महिंद्राला पहिल्या तिघांतले अखेरचे स्थान मिळवून दिले होते. बन्याया २०२२ आणि २०२३ चा मुख्य वर्गातील जगज्जेता, मार्तिन २०२४ चा. म्हणजे आधुनिक काळातील दोन जगज्जेते भारतीय नावाच्या गाडीवर वेग शिकले! आणि भारताच्या भूमीवर ते उतरले तेव्हा ज्या गाड्यांवर बसले त्या दुकाती या इटालियन कंपनीच्या होत्या. आपण काढलेली शाळा उत्तम चालली. तिच्या पटावर आपली मुले मात्र नव्हती.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. स्वार परदेशी होते ही माझी तक्रार नाही. स्वार कोणत्याही देशाचा असो. प्रश्न आहे तो विद्या कोठे साठली याचा. इंजिनाचे आरेखन, चाचणी, फसलेल्या भागाचे विच्छेदन, रात्रीतून केलेली दुरुस्ती यांतून जे ज्ञान जन्मते ते आराखड्यांत थोडे आणि माणसांच्या हातांत व डोक्यांत फार उरते. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये मांडलेला, काम करता करता होणाऱ्या शिक्षणाचा सिद्धांत नेमके हेच सांगतो. महिंद्राच्या शर्यतविभागाचे हे काम मुख्यतः युरोपात झाले. भांडवल गेले, नाव गेले आणि परतले तेव्हा चषक परतले. हात तेथेच राहिले.

याच हलक्या वर्गात दुसऱ्या एका आशियाई देशाने काय केले ते पाहण्यासारखे आहे. १९५४ मध्ये, कंपनी आर्थिक अडचणीत असताना, सोइचिरो होंडा यांनी आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत उतरण्याचा संकल्प जाहीर केला. तेथे जाऊन त्यांनी युरोपीय गाड्यांची ताकद पाहिली आणि परतताना काही सुटे भाग बरोबर नेले. पाच वर्षे लागली. १९५९ मध्ये होंडाच्या १२५ सीसी गाड्या जपानी स्वारांसह उतरल्या आणि सहावा, सातवा, आठवा व अकरावा क्रमांक मिळवून त्यांनी उत्पादकांचे सांघिक पारितोषिक घेतले. १९६१ मध्ये १२५ आणि २५० या दोन्ही वर्गांची जागतिक विजेतेपदे होंडाच्या गाड्यांनी जिंकली. ती जिंकणारे स्वार ऑस्ट्रेलियाचा टॉम फिलिस आणि इंग्लंडचा माइक हेलवूड हे होते. इंजिनाची विद्या मात्र जपानमध्ये मुरली होती.

सुझुकीचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन या अभियंत्याने टू-स्ट्रोक इंजिनाला नवे सामर्थ्य दिले होते. १९६१ मध्ये त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला आणि ती गुपिते घेऊन सुझुकीकडे गेला. पुढच्याच वर्षी ५० सीसीचे जगज्जेतेपद सुझुकीला मिळाले. या व्यवहाराच्या नीतीबद्दल जो तो आपले मत बनवो. परंतु परकी विद्या मिळविणे आणि ती घरी आणून मुरविणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे त्यावरून स्पष्ट होते. पहिली पैशाने साधते. दुसरीला माणसे लागतात, आणि वर्षे लागतात.

यावर आक्षेप येईल की गरिबांच्या देशाला हे श्रीमंती चोचले कशाला? जेथे पिण्याच्या पाण्याची पाळी चार-चार दिवसांनी येते त्या सोलापुरात मोटारसायकलींच्या शर्यतीचे कौतुक शोभते काय? आक्षेप रास्त आहे आणि करदात्याचा पैसा शर्यतींवर उधळावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु २०२४-२५ या एका वर्षात या देशात सुमारे १ कोटी ९६ लाख दुचाकी विकल्या गेल्या. शिक्षक, कारकून, दूधवाला, यंत्रमाग कामगार यांचे जगणे तिच्यावर चालते. एवढी मोठी बाजारपेठ ज्याच्यापाशी आहे त्याने या यंत्राच्या विद्येत कायम गिऱ्हाईक राहावे, यात काटकसर कोणती? शर्यत ही त्या विद्येची सर्वांत कठोर परीक्षा असते. परीक्षेचे शुल्क भरायचे आणि उत्तरपत्रिका दुसऱ्याकडून लिहून घ्यायची, हे मात्र खरोखर चोचले होत.

हा सारा ऊहापोह आज करण्याचे कारण आहे. पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये साडेचौदा टक्के भाग घेतला, पुढे तो वाढवीत नेला आणि केटीएमच्या लहान क्षमतेच्या गाड्या चाकणला तयार होऊ लागल्या. २०२४ च्या अखेरीस केटीएम दिवाळखोरीच्या दारात उभी राहिली. तिला सावरण्यासाठी बजाजने भांडवल ओतले आणि २०२५ अखेर तिचे नियंत्रण बजाजकडे आले. मोटो-थ्रीचे २०१२ मधील पहिले विजेतेपद केटीएमचे होते. २०२५ चेही केटीएमचेच. म्हणजे या वर्गातील अग्रगण्य उत्पादक आज मराठी मुलखातील एका कंपनीच्या हाती आला आहे. दैव एकाच दारावर दोनदा थाप मारीत नाही म्हणतात. येथे मात्र तसे घडले आहे.

या वेळी मालकीच्या बातमीने हुरळून जाण्याऐवजी आपण काही नेमके प्रश्न विचारावेत. ऑस्ट्रियातील शर्यतविभागात दरवर्षी किती भारतीय अभियंते आणि कारागीर उमेदवारीला जाणार? ते परतल्यावर त्यांच्या हाताला कोणते काम मिळणार? महाराष्ट्र शासनाची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून उद्योगांना सवलती देत आली आहे. या सवलतींचे माप प्रामुख्याने गुंतवणुकीच्या आकड्याने घेतले जाते. अभिकल्पाचे किती काम राज्यात झाले, हेही त्या मापात का धरू नये? आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुले पदरचे पैसे घालून गाड्या बांधतात आणि बाहासारख्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत उतरतात. त्यांच्या कर्मशाळेला चांगले चाचणीयंत्र मिळावे यासाठी स्थानिक कारखानदार आणि विद्यापीठ यांनी एकत्र बसण्यास कोणाची परवानगी लागते?

सोलापूरला हा धडा नवा नसावा. या शहराने पिढ्यान्‌पिढ्या गिरण्या चालविल्या. उत्तम सूत काढले, उत्तम कापड विणले. परंतु ज्या यंत्रांवर ते विणले ती यंत्रे बनविण्याची विद्या आपण कमावली नाही. यंत्रे जुनी झाली, त्यांना मागे टाकणारी नवी यंत्रे इतरत्र निर्माण झाली आणि गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद पडले. गिरण्या बुडण्याची कारणे अनेक होती हे खरे. पण जो यंत्राचा केवळ मालक असतो त्याचे नशीब यंत्र घडविणाऱ्याच्या हाती राहते, हे त्यांतले एक कारण होते. असेनच्या विजयस्तंभावर आपले नाव एकदा लागले, ही अभिमानाची गोष्ट आहेच. पुढचा विजय मिळेल तेव्हा त्या इंजिनाचा निदान एखादा भाग कोणी, का आणि कसा बदलला, हे सांगणारा माणूस चाकणला किंवा चिंचोळीच्या वसाहतीत सापडला पाहिजे. त्या दिवशी ती बातमी क्रीडापृष्ठावरून उचलून पहिल्या पानावर घेण्यास हरकत नाही.