रूपपूरचे कर्ज कोणत्या चलनात?

५ ऑक्टोबर २०२३ रोजी रशियाने अणुइंधनाचा पहिला साठा बांगलादेशच्या स्वाधीन केला. पाबना जिल्ह्यात पद्मेच्या तीरावर रूपपूर येथे झालेल्या या समारंभात अध्यक्ष पुतिन आणि पंतप्रधान शेख हसीना यांनी दुरूनच भाग घेतला. त्यानंतर बरोबर दहा महिन्यांनी, ५ ऑगस्ट २०२४ रोजी, हसीना यांना सत्ता आणि देश दोन्ही सोडावे लागले. सरकार गेले, अणुभट्ट्या आणि त्यांचे कर्ज मात्र जागच्या जागी राहिले. परकीय सहकार्याने उभ्या राहणाऱ्या अणुवीज केंद्राचा विचार याच विसंगतीपासून सुरू करावयास हवा.

रूपपूरची कल्पना नवी नाही. पूर्व पाकिस्तानच्या काळात, १९६१ साली, ती प्रथम पुढे आली. पुढे कॅनडाच्या साहाय्याने कराचीला केंद्र उभे राहिले आणि रूपपूर कागदावरच राहिले. त्यामुळे या प्रकल्पाशी बंगाली अस्मितेचा एक जुना सल निगडित आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये रशियाशी करार झाला, आणि सहा वर्षांनी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, पहिल्या अणुभट्टीच्या पायाचे काँक्रीट पडले. प्रत्येकी १२०० मेगावॅटचे दोन संच, १२.६५ अब्ज डॉलर खर्च आणि त्यापैकी सुमारे ९० टक्के रशियाचे कर्ज, असे या योजनेचे स्वरूप आहे. वापरलेले इंधन रशियाने परत न्यावे, अशीही तरतूद झाली आहे. १ मार्च २०१८ रोजी मॉस्कोत झालेल्या त्रिपक्षीय करारान्वये बांधकामात आणि तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणात भारतालाही वाटा मिळाला.

देशातील नैसर्गिक वायूचे साठे आटत चाललेले, आयात वायूचे भाव २०२२ मध्ये भडकलेले आणि कारखान्यांना वीज अपुरी, अशा अवस्थेत बांगलादेशाने अणुशक्तीकडे वळावे यात अविचार नाही. शिवाय कर्ज फेडण्यास दीर्घ मुदत आहे. प्रश्न आहे तो वेगळाच.

अणुवीज केंद्राचे अर्थकारण औष्णिक केंद्राहून भिन्न असते. इंधनाचा खर्च त्यात तुलनेने कमी. खरा भार बांधकामाचा व त्यावरील व्याजाचा. हा भार परकीय चलनात मोजला जातो, आणि वीज विकली जाते ती देशी चलनात. २०२२ च्या आरंभी एका डॉलरला सुमारे ८६ टाका पडत. मे २०२४ मध्ये तो दर ११७ वर नेण्यात आला. म्हणजे कर्जाच्या रकमेत एका सेंटचीही भर न पडता, टाकाच्या हिशेबात तेच कर्ज एक तृतीयांशाहून अधिक जड झाले. ही वाढ अखेर कोणाच्या माथी बसणार? वीजदर वाढविल्यास ग्राहकाच्या आणि न वाढविल्यास सरकारी तिजोरीच्या, म्हणजे करदात्याच्या.

दुसरे संकट युक्रेनच्या युद्धातून आले. रशियन बँकांवर निर्बंध लादले गेल्यामुळे पैसे देण्याची इच्छा असूनही ते पोचविण्याची वाट उरली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये प्रकल्पाचे साहित्य आणणारे एक रशियन जहाज अमेरिकी निर्बंधांच्या यादीत असल्याचे आढळले, तेव्हा ढाक्याने त्यास आपल्या बंदरात येऊ दिले नाही. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे ३१.८ कोटी डॉलरची रक्कम चिनी युआनमध्ये देण्याचा मार्ग काढावा लागला. देणेकरी बांगलादेश, घेणेकरी रशिया, अडसर अमेरिकेचा आणि चलन चीनचे!

कर्ज टाळले म्हणजे ही गुंतागुंत टळते असेही नाही. तुर्कस्तानने अक्कुयू येथील केंद्रासाठी २०१० मध्ये रशियाशी जो करार केला, त्यात भांडवल रशियाचे आणि मालकीही त्याचीच. तुर्कस्तानने पत्करली ती ठरावीक वीज पंधरा वर्षे १२.३५ सेंट प्रतियुनिट दराने विकत घेण्याची हमी. एका मार्गात मालकी आहे पण डोक्यावर कर्ज आहे. दुसऱ्यात कर्ज नाही, पण मालकीही नाही. डॉलरची जोखीम मात्र दोन्हीकडे सारखीच.

महाराष्ट्राला हा अनुभव अपरिचित नाही. तारापूरसाठी १९६३ च्या करारान्वये अमेरिकेने तीस वर्षे इंधन पुरविण्याचे मान्य केले होते. १९७४ मध्ये पोखरणचा स्फोट झाला, १९७८ मध्ये अमेरिकेने आपला कायदा बदलला, आणि अखेर १९८२ मध्ये इंधनासाठी फ्रान्सची वाट धरावी लागली. कराराची मुदत संपलेली नव्हती. बदलले होते ते राजकारण.

रूपपूरसारखी अणुभट्टी साठ वर्षे चालावी अशा बेताने बांधली जाते. राष्ट्रांची मैत्री इतकी टिकत नाही. म्हणून तिसऱ्या देशाच्या निर्बंधांमुळे हप्ता अडल्यास दंडव्याज लागू नये, विलंबाचा खर्च दोघांनी वाटून घ्यावा, आणि सुरक्षेवर देखरेख करणारी स्वतंत्र, स्वदेशी यंत्रणा आरंभापासून उभी राहावी, या अटी सहीपूर्वीच घालून घेणे कर्जदार देशाच्या हिताचे असते. समारंभाच्या दिवशी त्यांची आठवण कोणालाच होत नाही. हप्ता भरण्याच्या दिवशी ती होते; पण तोवर सह्या करणारे हात बहुधा बदललेले असतात.