रस्ता कोणाचा, जमीन कोणाची?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली संपूर्ण खुला झाला. मावळच्या शेतकऱ्यांच्या जमिनी त्यात गेल्या. त्यांच्या दुचाकींना व ट्रॅक्टरना मात्र त्यावर मज्जाव आहे. नियोजनकार प्रवाशांची वाचलेली मिनिटे मोजतात, गावांची गेलेली शेते मोजीत नाहीत. रस्ता रुंदावला की जमिनीचा भाव चढतो आणि बंगलेवाल्यांच्या मोटारी पवनेच्या काठी, तिकोणा पेठेपर्यंत येऊन पोहोचतात. शनिवार-रविवारी घाट तुंबतो. मग पुन्हा नव्या मार्गिकांची मागणी! या दुष्टचक्राला विकास म्हणणे ही शुद्ध धूळफेक होय.

लोकांना डावलून जमीन-पाण्याचे निर्णय घेतले की काय होते, हे मावळने ९ ऑगस्ट २०११ रोजी पाहिले. पवनेचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध शेतकरी बऊर येथे द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा बळी गेला. तोही क्रांतिदिनी!

म्हणून मार्गिका वाढविण्याआधी जमिनीच्या वापराचा निर्णय व्हावा, आणि तो ग्रामसभेत व्हावा. शेतजमिनीचे संरक्षण, गावांना जोडरस्ते, एस.टी.च्या वाढीव फेऱ्या यांना अग्रक्रम हवा. जमीन देणाऱ्यालाच कडेला उभे करणाऱ्या नियोजनाला लोकशाहीत मान्यता मिळता कामा नये.