सदतिसाव्या वर्षीचा ‘फ्रेशर’

१५ ऑगस्ट २००९. स्टोकच्या मैदानावर बर्नलीचा ग्रॅहम अलेक्झांडर प्रीमिअर लीगमधला आपला पहिला सामना खेळला. वय ३७! या वयात बहुतेक फुटबॉलपटू बूट खुंटीला टांगून मोकळे झालेले असतात.

‘उशिरा का होईना, शेवटी यश मिळालंच’ अशी ही गोष्ट सांगायची पद्धत आहे. आम्हाला ती पटत नाही. कारण मग त्याआधीची अठरा-एकोणीस वर्षं म्हणजे नुसती वेटिंग लिस्ट ठरते. कॉव्हेंट्रीत जन्मलेला हा राइट बॅक स्कन्थॉर्पकडून चौथ्या श्रेणीत खेळायला लागला. मग ल्यूटन, मग प्रेस्टन. टीव्हीचे कॅमेरे फारसे नाहीत, पण स्टँडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या येणारी माणसं आहेत आणि हरलं तर त्यांच्या शिव्याही आहेत. पेनल्टी मिळाली की बॉल याच्याच हातात. डिफेंडर असून शंभराहून जास्त गोल त्याच्या नावावर आहेत, त्यातले बरेचसे असेच आलेले. तिशीत स्कॉटलंडने बोलावलं. पुढे ४० आंतरराष्ट्रीय सामने झाले, त्यातले बहुतेक प्रीमिअर लीगचं तोंडही न बघता.

दार अगदी जवळ येऊन बंद झालं, असंही घडलं. तेव्हा दुसऱ्या श्रेणीतले पहिले दोन संघ थेट वर जायचे, पुढचे चार उरलेल्या एका जागेसाठी प्ले-ऑफ खेळायचे. प्रेस्टन २००१ आणि २००५मध्ये त्याच्या फायनलला हरलं. मे २००९मध्ये वेम्बलीवर बर्नलीने शेफील्ड युनायटेडला १-० हरवलं, तेव्हा कुठे दार उघडलं. आणि एका सीझनमध्ये बर्नली परत खाली!

म्हणजे ‘टॉप’ला मुक्काम जेमतेम वर्षभराचा. करिअरमधले सामने मात्र हजारावर. यातलं खरं करिअर कोणतं? पहिल्या प्लेसमेंटला नाव लागलं नाही म्हणून ‘आपलं संपलं’ म्हणत कट्ट्यावर बसलेल्यांनी हा हिशेब जरूर करून बघावा. खालच्या श्रेणीत पैसा कमी, उद्याची खात्री त्याहून कमी, हे खरंच. पण तिथला शनिवारचा सामना काही रंगीत तालीम नसते.

अलेक्झांडर पुन्हा स्कन्थॉर्पला गेला. एप्रिल २०१२मध्ये घरच्या मैदानावरचा त्याचा शेवटचा सामना. बदली खेळाडू म्हणून तो उतरला. अगदी अखेरीस फ्री किक मिळाली. याने ती थेट जाळ्यात मारली. ३-३.