लहानपण अंगात मुरतं

होटगी जंक्शनवर रात्रीच्या गाडीची शिटी झाली की माझ्या पोटात गोळा यायचा. आता वडील पिऊन येणार, आईला मारणार! "पोरं विसरतात गं," आई म्हणायची. आज पन्नाशीत, बीपीची गोळी चालू असताना, दार जोरात आपटलं तरी छाती धडधडते.

१९९८ मध्ये अमेरिकेत फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी नऊ हजारांवर प्रौढांच्या अभ्यासातून दाखवलं, की बालपणीचे आघात जितके जास्त, तितका पुढे हृदयविकाराचा, नैराश्याचा धोका जास्त. पण धोका म्हणजे विधिलिखित नव्हे. शेजारच्या काकू मला कुशीत घेऊन झोपवायच्या, म्हणून मी सावरले.

मैत्रिणींनो, शेजारून पोराचं रडणं ऐकू आलं तर टीव्हीचा आवाज वाढवू नका. १०९८ ला फोन करा.