ब्रेक ऑइल हे ऑइल नाही

पावसाळा सरला की आपल्याकडची पोरं लांबच्या प्रवासाला बाइक काढतात. कुणी गोव्याला जातो, कुणी हैदराबादला, आणि उन्हाळ्यात एखादा थेट लडाखला. निघण्याआधी क्रॅश गार्ड बसतो, मोबाइल होल्डर येतो, सायलेन्सर बदलला जातो. ब्रेकमधल्या द्रवाची चौकशी मात्र कुणी करत नाही. माझं म्हणणं असं, की लांब जाणाऱ्या गाडीत सगळ्यात आधी तो द्रव बदलावा, आणि झाकणावर लिहिलेल्या नंबरचाच भरावा.

गॅरेजमध्ये त्याला सगळे ब्रेक ऑइल म्हणतात. भाषा शिकवणाऱ्या माणसाला हा शब्द खटकतो, कारण त्यानं नुकसान होतं. ऑइल म्हटलं की माणसाला वाटतं, कोणतंही तेल चालेल, आणि तेल काही खराब होत नाही. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. आपल्या बहुतेक गाड्यांतला हा द्रव ग्लायकॉल जातीचा असतो. त्यात इंजिन ऑइल गेलं तर ब्रेकमधली रबरी सीलं फुगतात आणि ब्रेक निकामी होऊ शकतो. दुसरं म्हणजे हा द्रव हवेतलं पाणी शोषून घेतो. गाडी उभी असली तरी रबरी नळीतून आणि झाकणाजवळून ओलावा हळूहळू आत शिरत राहतो.

पाणी शिरल्यानं काय बिघडतं? आपण लिव्हर दाबतो तेव्हा द्रव दाबला जात नाही. तो दाब जसाच्या तसा कॅलिपरपर्यंत पोहोचवतो. शाळेत शिकलेला पास्कलचा नियम तो हाच. पण घाटात सतत ब्रेक लावला की डिस्क आणि पॅड तापतात आणि ती उष्णता द्रवापर्यंत पोहोचते. द्रव उकळला की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ मात्र दाबली जाते. मग लिव्हर मुठीपर्यंत येते आणि गाडी थांबत नाही. सिल्लोडहून अजिंठा गाव ओलांडून फर्दापूरकडे उतरणारा घाट आपल्या रोजच्या पायाखालचा. मागे माणूस, बाजूला सामानाच्या बॅगा आणि पुढे ट्रक असताना तिथं हे घडलं तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

आता नंबरांचा हिशेब. डॉट हे अमेरिकेच्या परिवहन खात्याचं आद्याक्षरी नाव. त्यांच्या मानकाप्रमाणे नवा डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतो, डॉट ४ किमान २३० अंशांना आणि डॉट ५.१ किमान २६० अंशांना. हेच द्रव सुमारे ३.७ टक्के पाणी शोषून बसले की किमान मर्यादा अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० अंशांवर येते. म्हणजे पाणी प्यायलेल्या डॉट ५.१ पेक्षा ताजा डॉट ३ अधिक उष्णता सोसू शकतो. मोठा नंबर घेऊन तीन-चार वर्षं विसरून जाण्यापेक्षा योग्य नंबर वेळेवर बदललेला बरा. सर्वसाधारण नियम दोन वर्षांचा आहे. तरी गाडीचं पुस्तक काय सांगतं ते आधी पाहावं.

या नंबरांत एक सापळाही आहे. डॉट ५ आणि डॉट ५.१ ऐकायला सख्खे भाऊ वाटतात, पण डॉट ५ सिलिकॉनचा असतो. तो बाकीच्यांत मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीत घालायचा नसतो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचं आहे. त्यामुळे टूरिंगच्या नव्या गाड्यांत डॉट ५ चा विचारही नको. झाकणावर डॉट ४ लिहिलं असेल तर डॉट ४ च भरा. तिथं डॉट ३ मिसळला तर तो मिसळेल, पण उष्णता सोसण्याची ताकद कमी होईल.

मास्टर सिलिंडरच्या त्या छोट्या झाकणावर बहुधा दोन-तीन ओळी कोरलेल्या असतात: उघडण्याआधी झाकण पुसा, अमुक नंबरचाच द्रव वापरा, तो सीलबंद डब्यातलाच घ्या. पण या ओळी इंग्रजीत असतात. आपल्या गॅरेजांत काम करणारी कितीतरी पोरं उर्दू किंवा मराठी शाळेतून आलेली आहेत. त्यांचा हात तयार आहे, कान इंजिनाचा आवाज ओळखतो. पण त्या ओळीचा अर्थ त्यांना कुणी सांगितलेला नसतो. म्हणून फळीवर अर्धी उघडी बाटली महिनोन् महिने पडून राहते आणि तिच्यातलंच पुढच्या गाडीत ओतलं जातं. दोष त्या पोरांना देऊन भागणार नाही. कंपन्यांनी गाडीसोबत या सूचना मराठी-उर्दूत द्याव्यात. तोवर प्रत्येक गॅरेजमालकानं भिंतीवर दोन्ही भाषांत चार ओळी लिहून लावाव्यात. त्याला रंगाचा एक डबा पुरतो. ब्रेकचा द्रव गाडीच्या रंगावर सांडला तर लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर रंग निघतो, हेही त्यात लिहावं.

काही जण म्हणतील, अल्लाह राखणारा आहे, एवढी चिकित्सा कशाला? तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडणं नव्हे, हे आपण मक्तबात असतानाच शिकलो आहोत. मागच्या सीटवर बसलेली बायको, भाऊ किंवा मित्र आपल्याकडे अमानत असतो. पेट्रोलच्या एका टाकीपेक्षा कमी खर्चात येणारी बाटली त्या अमानतीसाठी महाग नाही. पुढच्या वेळी गॅरेजात जाल तेव्हा झाकणावरचा नंबर मोठ्यानं वाचा, सील तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि तारीख लिहून ठेवा.