चुनखडीची घळई पुस्तकात, काळ्या दगडाची घळई दाराशी



भूगोलात नदीचे कार्य शिकवताना घळई, धबधबा, कुंभगर्ता हे शब्द येतात. भूजलाचे कार्य शिकवताना चुनखडीचा प्रदेश, गुहा, लवणस्तंभ येतात. मुलं व्याख्या पाठ करतात, आकृती काढतात, दोन गुण मिळवतात. पण 'घळई कुठे पाहिलीस?' असं विचारलं की उत्तर येतं, 'मोबाईलवर'. डोंगरातल्या दूरच्या चुनखडीच्या घळईचे व्हिडिओ त्यांनी पाहिलेले असतात. नर्मदेवरच्या भेडाघाटचे संगमरवरी कडेही काहींना माहीत असतात. आपली कुकडी मात्र त्यांनी फक्त पुलावरून पाहिलेली असते.

आपल्या भागात पारगाव दोन: जुन्नर तालुक्यातलं पारगाव तर्फे आळे आणि आंबेगाव तालुक्यातलं, साखर कारखान्याचं पारगाव. दोन्हीकडच्या मुलांना कुकडीवरचे निघोजचे रांजणखळगे एका दिवसाच्या सहलीत सहज पाहता येतात. नदीच्या एका तीरावर पारनेर तालुक्यातलं निघोज, दुसऱ्या तीरावर शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी. गावकरी या जागेला 'कुंड' म्हणतात. काठावर मळगंगा देवीचं देऊळ आहे. माझं मत स्पष्ट आहे: वॉटरपार्कच्या आधी शाळेची एक सहल इथे गेलीच पाहिजे.

त्यासाठी वर्गात थोडी तयारी हवी. आपल्याकडे चुनखडी म्हटलं की जमिनीतले पांढरे खडे आठवतात. पण चुनखडक म्हणजे कसा दगड, हे दाखवायला लांब जायला नको. घरातली शहाबादी फरशी हा चुनखडकच आहे. तिच्यावर लिंबाचा रस सांडला की पांढरट डाग पडतो, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे. फरशीच्या तुकड्याचा चुरा करून त्यावर लिंबू पिळा, बारीक बुडबुडे दिसतील. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड मिसळून पावसाचं पाणी किंचित आम्ल होतं. ते हजारो वर्षं चुनखडक विरघळवत राहतं, म्हणून तिथे गुहा होतात आणि खोल घळया होतात.

आता शेतातला काळा दगड घ्या, त्यावर लिंबू पिळा. बहुधा काहीच होणार नाही. हा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून आलेला लाव्हा थंड होऊन तयार झाला. तो असा विरघळत नाही. मग कुकडीनं तो कोरला कसा? हा प्रश्न मुलांच्या डोक्यात घालूनच बस सुटली पाहिजे. उत्तर आधी सांगू नका.

निघोजला पोचल्यावर उत्तर समोर असतं. पात्रातल्या खडकात रांजणासारखे गोल, खोल खड्डे. भिंती गुळगुळीत, काहींच्या तळाशी गोल गोटे. पुराच्या पाण्यात भोवरा होतो, खडकातल्या एखाद्या खाचेत दगड-वाळू अडकते आणि पाण्याबरोबर गरगर फिरत राहते. जात्यात दाणे भरडले जातात तसा इथे खडकच भरडला जातो. खाचेचा खळगा होतो, खळग्याचा रांजण. शेजारच्या दोन रांजणांमधली भिंत झिजून पडली की ते एक होतात. असं होत होत नदी खडकात उतरते आणि घळई तयार होते. म्हणजे एकीकडे पाणी खडक विरघळवतं, दुसरीकडे घासून काढतं. रासायनिक आणि भौतिक क्रियेतला हा फरक मुलं पुन्हा विसरत नाहीत.

जमल्यास त्याच वाटेवर बोरी बुद्रुक घ्या. तिथे कुकडीच्या काठच्या थरांत ज्वालामुखीची राख सापडली आहे. ती सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानली जाते. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिचा अभ्यास केला. अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारंही या परिसरात मिळाली आहेत. मुलांनी बघावं, वहीत चित्र काढावं, पण काही उचलून घरी आणू नये.

'तिथे काय बघायचंय, दगडच तर आहेत' असं काही पालक म्हणतात. दुसरे म्हणतात, 'पोरं पाण्यात पडली तर?' दुसरी काळजी शंभर टक्के खरी आहे. रांजण खोल असतात, कडा निसरड्या असतात आणि गुळगुळीत भिंतीला धरायला काही नसतं. पोहता येणाराही वर येऊ शकत नाही. म्हणून पावसाळ्यात जाऊ नये. जानेवारी-फेब्रुवारीत जावं. वर येडगावसारखी धरणं आहेत, तेव्हा नदीत पाणी सोडलंय का हे आदल्या दिवशी विचारून घ्यावं. दहा मुलांमागे एक मोठं माणूस, दोरीची हद्द, कडेवर सेल्फी नाही. हे जमत नसेल तर सहल नेऊ नये, असंही मी म्हणेन. पण शिस्त लावून नेलेलं मूल पुढे मित्रांबरोबर एकटं गेलं तरी कडेपासून लांब उभं राहतं. न नेलेलं मूल कधीतरी जाणारच आहे, आणि तेव्हा सोबत कुणी नसेल.

आणखी एक गोष्ट मुलांना तिथेच सांगायला हवी. हे रांजण ज्या हत्यारांनी कोरले ती हत्यारं म्हणजे वाळू आणि गोटे. आपण नद्यांतून वाळू उपसतो, तेव्हा नदीच्या हातातली पटाशीच काढून घेतो. हे पुस्तकात वाचून पटत नाही. रांजणाच्या तळाशी फिरून फिरून गोल झालेला गोटा पाहिला की पटतं.

सहलीचं नियोजन ठरताना शिक्षकांनी कुकडीचं नाव सुचवावं. पालकांनी संमतीपत्रावर सही करताना दोरी, शिट्टी आणि सोबत येणाऱ्या मोठ्यांची संख्या जरूर विचारावी. आणि जमलं तर त्यांतले एक आपण स्वतः व्हावं.